रिकाम्या मांडवाचं पान

पंच्याहत्तर साली माझं लग्न झालं. अल्बम लावायला रिसोडचा फोटोग्राफर आमच्या ओसरीवर येऊन बसला. फोटो चिकटवायचे कागदी कोपरे तो जिभेवर ओले करायचा, त्यामुळे काही विचारलं की उत्तर उशिरानं यायचं.

जेवणाच्या पंगतीचे सगळे फोटो त्यानं डाव्या पानावर दाटीवाटीनं, एकमेकांवर चढवून लावले. उजव्या पानावर मात्र मधोमध एकच लहान फोटो: वऱ्हाड गेल्यानंतरचा रिकामा मांडव. बाकी पान काळंभोर मोकळं.

पंगतीत माझ्या मामांचा अर्धा चेहरा बुंदीच्या परातीच्या फोटोखाली गेला होता. मामा-मामी बाजूलाच बसले होते. मामा भडकले. "एवढी जागा रिकामी पडून राह्यली. मले तिकडं लाव ना."

त्यानं जिभेवरचा कोपरा आधी फोटोला लावला. मग म्हणाला, "पंगत गर्दीवानी दिसली पायजे, मांडव सुना. तुमी तिथं बसले, तं पान शांत राहीन काय?"

मामांनी मामीकडं पाहिलं.

"राहू द्या त्याईले गर्दीतच," मामी म्हणाली.

मामी अजूनही आली की अल्बम मागते. डावं पान पदरानं झाकते आणि रिकामा मांडव पाहत बसते.