फक्कीचे बाण आणि दीड फुटी गणपती

गणपतीचा भाव करताना आपल्या मागे अठ्ठावीस मुलं सॅल्यूट ठोकून उभी नसावीत, असं माझं अनुभवांती मत झालं आहे.

रोह्यात माझा मंडप, खुर्च्या आणि भांडी भाड्याने देण्याचा धंदा आहे. सुरुवात केली तेव्हा खुर्च्या दुसऱ्याच्या होत्या आणि डोकं माझं. आज खुर्च्या माझ्या आहेत आणि डोकी दुसऱ्यांची. दोन टेम्पोही आहेत. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. बांबूवाला, कापडवाला, पेट्रोलपंपवाला (तो ऐकत नाही, पण मी विचारतो) यांपैकी कुणालाही मी सांगितला भाव कधी दिलेला नाही. तसं करणं हा समोरच्याचा अपमान आहे. बिचाऱ्याने एवढा वाढवून सांगितलेला असतो!

अशा माणसाला फुकट राबवायचं असेल तर त्याला मेहुणा लागतो. मला तो आहे. दिनेश, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, वरस्याच्या एका शाळेत शिक्षक आणि तिथल्या स्काउट पथकाचा मास्तर. तीन वर्षांपूर्वी तो चहाला आला आणि म्हणाला, "भावोजी, तुमचा ओंकार आता पथकात हाय. तुम्ही पण या थोडे मदतीला."

थोडी मदत म्हणजे सहा तंबू, चार पातेली, एक टेम्पो आणि तो चालवायला मी. रात्रीचं पिठलं ढवळायलाही मीच, कारण पातेली माझी! बदल्यात मला काय मिळालं? फोटोत मागच्या रांगेत जागा, पातेल्यांच्या शेजारी. सगळ्यांच्या गळ्यात स्कार्फ, मी उघडा. ज्या पोराला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही त्यालाही स्कार्फ. इतकंच काय, शिबिराला पाहुणा आला की हे लोक स्वागताला त्याच्याही गळ्यात स्कार्फ घालतात. पाहुणा पंधरा मिनिटं भाषण करतो, माझ्या पातेल्यातलं पिठलं खातो आणि स्कार्फ घेऊन घरी जातो!

मी दिनेशला सरळ विचारलं.

"दीक्षा झाल्याशिवाय नाय देता येत, भावोजी."

"मग दे दीक्षा."

"आधी प्रशिक्षण लागतं. सात दिवसांचं."

"तीन दिवसांत कर."

"भावोजी, ती दीक्षा हाय, ताडपत्री नाय."

हे वाक्य मी मनात ठेवलं. (मी सगळंच मनात ठेवतो. जागा भरपूर आहे.) पुढच्या जानेवारीत पेणला, हमरापूरशेजारच्या एका आंब्याच्या बागेत शिबिर ठरलं आणि डिसेंबरातच दिनेश तंबू मागायला आला. मी म्हटलं, "तंबू नाय." दोन चहा झाल्यावर सौदा ठरला. शनिवारी जिल्ह्याचे साहेब शिबिर बघायला येणार होते. त्या दिवशी मुलांचा मागाचा खेळ होता, म्हणजे कुणीतरी पुढे जाऊन जमिनीवर खुणा करायच्या आणि मुलांनी त्या शोधत मागून यायचं. त्या खुणा मी करायच्या. सगळी मुलं साडेचारला शेवटच्या खुणेवर पोचली, की झेंडा उतरवताना साहेबांच्या हातून माझ्या गळ्यात स्कार्फ!

"लेखी दे," मी म्हटलं. दिलं त्याने. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे.

खुणा तीनच होत्या. बाण म्हणजे इकडे जा. फुली म्हणजे इकडे जाऊ नका. गोलात टिंब म्हणजे माग संपला. मला हसू आलं. आम्ही मंडपवाले जागा बघायला गेलो की फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने, दुसरं काय करतो? माझ्या हातात फक्कीची पिशवी आली की ती पडतेच, मला विचारत नाही.

"बागेतून निघा, बांधाने जा, तळ्याला वळसा घाला आणि देवळापाशी माग संपवा," दिनेशने बजावलं. "आणि भावोजी, गावात शिरू नका."

मी शिरणारही नव्हतो. पण सकाळीच बायकोचा फोन आला होता. "पेणला गेलाच आहात तर गणपती सांगून या. आणि गेल्या वर्षीसारखं करू नका!"

गेल्या वर्षी काय झालं होतं ते सांगतो. मी दोन फुटी मूर्तीपासून भाव करायला सुरुवात केली. मालक भांडला नाही. मी भाव खाली आणला की तो शांतपणे त्या भावातली मूर्ती दाखवायचा. अशा रीतीने मी जिंकत जिंकत शेवटी जी मूर्ती घरी आणली, ती मखरात बसल्यावर पाहुणे विचारायचे, "गणपती कधी आणताय?"

तर बांधाच्या फाट्यापर्यंत मी बाण अगदी चोख काढले. तिथून डावीकडे तळं आणि उजवीकडे हमरापूर. घड्याळात तीन. मुलं निघणार चारला. म्हटलं, दहा मिनिटांत दोन कारखाने बघू, परत येऊ, माग पुरा करू. जानेवारीत गिऱ्हाईक कमी, भाव नरम! परतीची खूण म्हणून उजवीकडे एक बाण टाकला आणि निघालो.

गावात घरोघरी गणपतीचे कारखाने. गल्ल्या सारख्या, पडव्या सारख्या आणि प्रत्येक पडवीत पांढरे गणपती वाळत ठेवलेले. पहिला कारखाना महाग निघाला. परत चुकून त्याच दारात येऊ नये म्हणून मी दारात फुली मारली. दुसरा त्याहून महाग, तिथे फुली मोठी मारली. तिसरा म्हणाला, "मागच्या गल्लीत मावशी हाय, तिच्याकडे बघा." मी मागच्या गल्लीकडे बाण काढला. वाटेत आणखी तीन कारखाने आणि तीन फुल्या. मावशींच्या अंगणात पोचलो आणि कोपऱ्यातली दीड फुटी शाडूची मूर्ती बघितली. इथेच सौदा! मुख्य खांबाची जागा आम्ही गोलात टिंब काढून दाखवतो. हात आपोआप चालला. मी नव्हतो त्यात.

मावशी ओल्या ब्रशने सोंड गुळगुळीत करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाच हजार."

"दोन," मी म्हटलं.

"दोन हजारात गनपती नाय, उंदीर येतो."

मग मी माझं खास हत्यार काढलं. आवाज खाली आणला. पायातल्या चपलेकडे बघितलं. (मोठ्या सौद्याला मी जुन्याच चपला घालून जातो.) "मावशी, मंडपवाल्याकडे खुर्च्या वाहतो मी. डोक्यावरून. भाड्याच्या खोलीत राहतो. बायको आजारी असते."

मावशींचा ब्रश थांबला. "औषधपानी करतोस ना तिचं?"

"जमेल तसं करतो."

"आनि इथं आलास कसा?"

"चालत," मी म्हटलं. (बागेपासून चालतच आलो होतो. खोटं बोलायला मी काही राजकारणी नाही.)

साडेतीन वाजले, चार, सव्वाचार. मावशी चारवर आल्या, साडेतीनवर आल्या. शेवटी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "अडीच दे बाबा. देवाचं हाय."

मी खिशात हात घातला आणि मागे शिट्टी वाजली.

"पथक, थांब! सॅल्यूट!"

अंगणात अठ्ठावीस मुलं. पुढे संघनायक, म्हणजे माझाच चिरंजीव ओंकार.

"पप्पा! माग इथंच संपला ना? दारात गोल टिंब हाय! फुल्या कुठं कुठं मारल्यात, एकदम भारी!"

"पप्पा?" मावशींनी ओंकारच्या इस्त्रीच्या गणवेशाकडे बघितलं, मग माझ्या चपलेकडे. "काय रं पोरांनो, हे कोन?"

"मंडपवाले काका!" सगळे एका सुरात.

"खुर्च्या वाहतात ते?"

"नाय मावशी, त्यांच्याच खुर्च्या हायत. हजार!"

"बाराशे," ओंकारने दुरुस्ती केली. स्काउट विश्वसनीय असतो, हा त्यांचा पहिला नियम. मीच त्याच्याकडून पाठ करून घेतला होता!

"भाड्याच्या खोलीत राहतात?"

"दोन मजली घर हाय आमचं."

"आनि तुझी आई आजारी असते?"

"मम्मी? ती सकाळीच पप्पांना फोनवर ओरडत व्हती!"

मावशींनी ब्रश पाण्यात बुडवला. "साडेपाच हजार."

"मघाशी अडीच होता!"

"मघाशी तू गरीब व्हतास."

तेवढ्यात गल्लीतून पाच कारखानदार आले. हात मातीने भरलेले आणि डोळे लाल. "आमच्या दारात फुली कोनी मारली? पोरं म्हनतात, फुलीच्या दारात जायचं नसतं! गिऱ्हाइकानं पन तेच वाचायचं काय?"

इथे शहाण्या माणसाने हात जोडले असते. मला राग आला. मी ओरडलो, "भाव कमी लावला असता तर बाण मारला असता!"

त्यानंतर जे झालं त्यात मी फार वेळ बोलू शकलो नाही. एकाने माझी फक्कीची पिशवी हिसकावली आणि दुसरा ती माझ्या डोक्यावर रिकामी करावी की नाही यावर तिसऱ्याचं मत घेत होता. त्याच क्षणी अंगणाच्या दारात दिनेश उभा राहिला. बरोबर साहेब. दिनेशच्या चेहऱ्यावर मी माझा स्कार्फ बुडताना बघितला.

वाचवलं ते मावशींनी. त्या उठल्या आणि मुलांवर गरजल्या, "उभं काय ऱ्हायलाव? आधी समद्यांच्या दारातल्या फुल्या पुसून या! मग ऊन गेलं, मूर्ती आत घ्या. एका मूर्तीला दोघं, आनि सोंडेला हात लावायचा नाय!"

मुलं पळाली. फुल्या पुसल्या गेल्या, कारखानदार निवले आणि मूर्ती एकेक करून आत जाऊ लागल्या, इतक्या अलगद की मी थक्क झालो. (माझ्या खुर्च्या हीच पोरं फेकतात.) साहेबांचा चेहरा खुलला.

"वा, दिनेशराव! माग काढणं, गावच्या कलेची ओळख आणि वर सत्कृत्य! आखणी कुणाची?"

मी डोक्यावरची फक्की झटकून एक पाऊल पुढे आलो.

"आमच्या पथकाची," दिनेश म्हणाला.

"छान! आणि या ताईंना झेंड्याला बोलवा. त्यांचा सन्मान झालाच पाहिजे."

संध्याकाळी झेंडा उतरला. दिनेशच्या पिशवीत जादा स्कार्फ एकच होता. तो साहेबांनी मावशींच्या गळ्यात घातला. तासाभराची ओळख आणि स्कार्फ! मी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेत, पातेल्यांच्या शेजारी. घरी आल्यावर लेखी करार शोधला. कॅलेंडर गेल्या वर्षाचं होतं म्हणून बायकोने रद्दीत दिलं होतं.

मूर्ती मात्र साडेपाच हजारांतच सांगावी लागली होती. पाच कारखानदार साक्षीला उभे असताना भाव कसा करणार?

गणपतीच्या आधी बायको, ओंकार आणि मी टेम्पो घेऊन मूर्ती आणायला गेलो. मूर्ती अशी देखणी झाली होती की बायको दोन मिनिटं गप्प राहिली. (हा आमच्या घरातला विक्रम आहे.) पण माझं लक्ष मावशींच्या तोंडाकडे. पॉलिश पेपर घासताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडाला बांधला होता तो. माझा स्कार्फ!

"मावशी, तो मला द्याल?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चपला आज नव्या होत्या. "पाचशे."

तीनशे म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि माझं मलाच नवल वाटलं, मी पाचशेची नोट काढून दिली. आयुष्यात पहिल्यांदा सांगितला भाव!

"वाक खाली," मावशी म्हणाल्या आणि मातीच्या हातांनी तो माझ्या गळ्यात घातला. दीक्षा झाली. भरून आलं मला.

परतीच्या वाटेवर आरशात दोनदा मान बघितली. शेजारी ओंकार मांडीवर मूर्तीचा पाट सांभाळत बसला होता.

"पप्पा, आपल्या गोदामाशेजारचा युनिफॉर्मवाला हाय ना, त्याच्याकडे हा ऐंशीला मिळतो. आमच्या सगळ्यांचे तिथलेच."

मी टेम्पो बाजूला घेतला. "ऐंशीला? कुणालाही देतो?"

"कुणालाही."

"मग तीन वर्षांत एकदा तरी सांगायचंस!"

स्काउट विश्वसनीय असतो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही कधी भाव विचारलाच नाय, पप्पा."