दोनच्या ठोक्याला सुट्टी

माझं अक्षर चांगलं. अंगात दुसरं काहीच चांगलं नसल्यामुळे घरात त्याचं कौतुक जरा जास्तच झालं, आणि काकानं त्याच्याच बंबखान्यात मला हजेरी लिहिणारा कारकून म्हणून चिकटवलं. काका आगी विझवायचा आणि मी पंख्याखाली बसून ते लिहून काढायचो. पगार जवळपास सारखाच.

जादा वेळेचा पैसा हवा तर साहेबांची लेखी परवानगी आधी पाहिजे, असा नियम होता. आता आग काही अर्ज करून लागत नाही. म्हणून मद्रासच्या आमच्या त्या बंबखान्यात एक सोय होती: पाळी संपली की माणूस कुठंही असो, मी त्याच्या नावापुढे 'सुट्टी' लिहायचो. जादा तास साहेब पुढे कधीतरी रजा म्हणून परत करत. कुणाची तक्रार नव्हती. उलट तपासणीला आलेले वरचे साहेब रजिस्टर चाळून म्हणायचे, एक खाडाखोड नाही. मी आठवडाभर फुगून हिंडायचो.

एका दुपारी गिंडीला रंगाच्या कारखान्यात आग लागली. दोनला पाळी संपली. काकासकट आगीवर गेलेल्या सहा जणांपुढे मी ठोक्याला 'सुट्टी' लिहिलं आणि दहीभाताचा डबा उघडला. साडेतीनला भिंत काकाच्या अंगावर आली. तो तिथंच गेला.

कामावर असताना गेला असेल तरच काकूला पेन्शन. चौकशीत साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"अक्षर तुझंच ना?"

मी हो म्हणालो. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण साहेब रोखून बघत होते, नोकरी नवी होती. दहीभातासारखं तेही मी गिळलं.

काकूनं टी. नगरात दोन घरी स्वयंपाकाचं काम धरलं. पेन्शनचा अर्ज ती दर वर्षी माझ्याकडूनच लिहून घेते, अक्षरासाठी. पहिल्या वर्षी मृत्यूच्या वेळेपाशी माझा टाक अडला. पदराला हात पुसत ती म्हणाली, "लिही रे. साडेतीनला ते कामावर होते. तुला ठाऊकच आहे."

मी लिहिलं, खाडाखोड न करता. शेवटी साक्षीदाराची ओळ येते. काकू तिच्यावर दर वर्षी बोट ठेवते आणि मी दर वर्षी सांगतो, ती ऑफिसवाले भरतात.