आमच्या लग्नाचा पुरावा

व्हिसा मिळाला, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. देशाचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की अर्ध्या आर्णीचे भाचे-पुतणे तिकडं जायला निघतात आणि कागद कोणते लागतात म्हणून मलाच फोन येतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. नवरा डिझेल मेकॅनिक. यवतमाळला आयटीआय करून तो बाहेरदेशी गेला, सहा वर्षं तिथं ट्रक दुरुस्त केले, कायम राहायचा परवाना मिळवला आणि मग लग्नासाठी गावी आला. बघायला आला तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं की बायको इकडं आणि नवरा तिकडं, असला फोनवरचा संसार मला जमणार नाही. जायचं तर दोघांनी बरोबर जायचं. तो म्हणाला, ठीक. गॅरेजच्या मालकानं त्याला सहा महिन्यांची बिनपगारी सुट्टी दिली होती आणि तेवढ्यात माझी व्हिसाची फाईल व्हायला हवी होती. समोर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र एकेरीत लिहिते. त्याची हरकत नाही. असली तरी आता लिहून झालं.

आमचं लग्न विहारात लागलं. मी पांढरी साडी नेसले होते, तो पांढऱ्या शर्टात. त्रिशरण, पंचशील, एकमेकांना हार, रजिस्टरवर सह्या. पाऊण तासात सगळं उरकलं आणि लोक पंगतीला बसले. मंगळसूत्र मी घातलं नाही. घालणाऱ्या बायका आमच्यातही आहेत, मला नको होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. ते म्हणाले, "तुही मर्जी, बाई. गाडी तुले चालवायची हाय." मला तेव्हाच तो माणूस आवडला.

फाईलचं काम आम्ही यवतमाळच्या एका एजंटाकडं दिलं. त्याचं ऑफिस कापडाच्या दुकानावर, वर चढायला लोखंडी जिना. माणूस बोलायला गोड. लग्न नोंदणीचा दाखला, पोलिसांचा दाखला, मेडिकल, सगळं त्यानं तपासलं आणि मान डोलावली. मग लग्नाचे फोटो घेतले. पत्ते पिसतात तसे दोनदा पिसले.

"मॅडम, फोटो क्लिअर हायेत. पण लग्नाचे नाही वाटून राह्यले."

"मग कशाचे वाटतात?"

"राग नका मानू. सगळे पांढऱ्या कपड्यात, ना मुंडावळ्या, ना होम, ना मंगळसूत्र. तिथच्या सायबाले वाटन, कोनाची शोकसभा होय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एजंट आपल्याच नादात होता. त्याच्या ओळखीचा एक स्टुडिओ होता. तिथं मांडव तयार, होमकुंड तयार, त्यातला जाळसुद्धा विजेचा. शालू, शेरवानी, मुंडावळ्या सगळं तिथंच मिळे. तासाभराचं काम, फोटो असे येतील की साहेब बघताच शिक्का मारील. शिवाय तिकडच्या दोन ओळखीच्या माणसांची पत्रं लागतील, असं तो म्हणाला, आमचं लग्न झाल्याचं त्यांना माहीत आहे अशी. ते मी धड ऐकलंच नाही. मी नवऱ्याकडं बघत होते. तो आता उठेल, फोटो उचलेल आणि म्हणेल, चल.

तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

येताना मोटरसायकलवर मी त्याला धरलं नाही, मागचं कॅरिअर धरून बसले. आर्णी येईपर्यंत माझे हात भरून आले.

"एका घंट्याचं काम हाय," तो घरी आल्यावर म्हणाला. "फोटोच त काढायचे. कायले डोकं गरम करून राह्यली?"

"आपलं लग्न झालं का नाही झालं?"

"झालं."

"मंग दुसरं काहून लावायचं?"

त्यानं हेका सोडला नाही. मी एजंटाला फोन करून सांगितलं की आहेत तेच फोटो जातील. साहेबाला कळावं म्हणून रात्रपाळीच्या उसंतीत मी दोन पानं लिहून काढली. कोणत्या फोटोत काय चाललंय, पांढरं का, कोण कुठं उभं आहे, पंगतीत वांग्याची भाजी होती, सगळं. एजंट म्हणाला, एवढं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, मी लिहिते.

राहिली दोन पत्रं. ती नवऱ्यानं मागवायची होती. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. रोज नवं कारण. तिकडं आता रात्र आहे, तिकडं आता सुट्टी आहे. रक्त द्यायला आलेला माणूस सुई बघून कसा कधी घड्याळ बघतो, कधी चप्पल शोधतो, ते मी लॅबमध्ये रोज बघायचे. नवरा तसाच करत होता.

एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी सरळ विचारलं, "तिथं कोनाले मालूम हाय का, आपलं लग्न झालं म्हणून?"

"हाय."

"कसं झालं, ते?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिथं तो एका मराठी माणसाच्या घरात खालच्या खोलीत भाड्यानं राहायचा. माणूस वयानं मोठा, त्याच गॅरेजात सीनियर, स्वतःला पुण्याकडचा म्हणवणारा, गॅरेजातही आडनाव न लावता नुसत्या नावानं वावरणारा. बायको आणि एक मुलगी. नवरा त्याला दादा म्हणायचा. पहिल्याच दिवशी जेवायला बसल्यावर दादानं विचारलं, "तुम्ही कोण?" आपल्याकडं ह्या प्रश्नाचा एकच अर्थ असतो. नवरा म्हणाला, शेतकरी. आमच्याकडं फुलझाड लावायलासुद्धा जमीन नाही. पण एकदा शेतकरी झाला तो झाला. पुढं सहा वर्षं गणपतीत आरतीला उभा राहिला, टाळ्या वाजवल्या. लग्न सनईच्या गजरात लागलं, असंही सांगून बसला होता. स्टुडिओतले फोटो त्याला साहेबापेक्षा दादाला दाखवायला हवे होते.

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. ह्या माणसावर माझा जीव जडला होता. माझा चहा फुंकून गार करून द्यायची त्याची सवय, सासऱ्यांचे पाय चेपतानाचं त्याचं गप्प बसणं, सगळ्यावर. आणि ह्याच माणसाबरोबर परक्या देशात जाऊन मला जन्मभर कोणाची तरी दुसऱ्याची बायको म्हणून राहावं लागणार होतं.

"मी येईन त अशीच येईन," मी म्हटलं. "तुमाले जमत नसन त एकटे जा. फाईल मी स्वतः परत घेऊन येतो म्हणून सांगा एजंटाले."

दुपारी जेवताना मी सासऱ्यांसमोर विषय काढला. लपवून ठेवायची मला सवय नाही. ते घास हातात धरून ऐकत राहिले. मग मुलाला म्हणाले, "मंग तिथं मी कोन होय? शेतकरी?"

एवढंच. आणि ताट उचलून आत गेले. उरलेली भाकर त्यांनी चुलीपाशी बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं अंगणात खुर्ची टाकली आणि मला शेजारी बसवलं. आधी त्यानं लग्नाचे तीन फोटो दादाला पाठवले, मग व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ होती. दादाच्या नाकावर चष्मा, पाठीमागं मुलीचं दप्तर दिसत होतं.

"फोटो बघितले," दादा छान शुद्ध मराठीत म्हणाला. "पण हे सगळे पांढऱ्यात कसे?"

"आमच्यात असंच लागतं लग्न, दादा," नवरा म्हणाला. "आम्ही बौद्ध आहोत. तुम्हाला मी खोटं सांगितलं होतं. आमच्याकडं शेती नाही. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. व्हिसासाठी तुमचं पत्र पाहिजे, पण खरं काय ते कळल्यावर द्यायचं असेल तरच द्या."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. शर्ट घामानं चिंब झाला होता, आणि ऊन अजून अंगणात आलंही नव्हतं.

दादाचा चेहरा पडद्यावरून हलला. थोडा वेळ नुसतं घराचं छत दिसत राहिलं. मग आवाज आला, "बरं. करतो नंतर फोन." आणि कॉल संपला.

गॅरेजच्या मालकालाही त्यानं त्याच दिवशी पत्र मागितलं. ते दुसऱ्याच दिवशी आलं, चार ओळींचं. त्याला पांढरं काय आणि लाल काय. दादाचा मात्र फोन नाही, मेसेज नाही. नवरा घरात मुक्यासारखा फिरायचा. मी त्याला म्हटलं, एक माणूस ओळखू आला, बरं झालं, दुसरा कोणी बघू. जाऊन राहायचं कुठं, हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसत होता. मी म्हटलं, खोली दुसरी मिळेल. मी तेव्हा अगदी मजेत होते, खरं सांगते. नवरा मला परत मिळाला होता. दादाबद्दल मात्र मी मनात आणि मोठ्यानंही बरंच काही बोलून घेतलं.

पाचव्या दिवशी नवरा पेट्रोल भरायला गेला आणि फोन घरी विसरला. वाजला म्हणून मी घेतला.

"वहिनी का?"

"हो. ते बाहेर गेलेत." मी आवाजात जेवढा बर्फ घालता येईल तेवढा घातला.

मग जो आवाज आला तो त्याच माणसाचा होता, पण ती बोली पुण्याकडची नव्हती.

"वहिनी, चार रात्री झोप नाही मले. मी पुण्याचा नाही. मी वणीचा. माहा बाप कोळशाच्या खाणीत होता. माहं लग्नबी असंच झालं, पांढऱ्या कपड्यात, विहारात. इथं येऊन अकरा वर्षं झाले, एकाले सांगतलं नाही. माह्या पोरीलेबी मालूम नाही."

मी खाटेवर बसले. सहा वर्षं हे दोघं एका छताखाली, खालचा वरच्याला भिऊन आणि वरचा खालच्याला. दोघंही गणपतीपुढं टाळ्या वाजवत होते. मला हसू यायला लागलं. पाच दिवस ज्या माणसाला शिव्या घातल्या त्याला आता काय बोलायचं ते सुचेना.

"भाऊ," मी शेवटी म्हटलं, "मंग पत्र कवा पाठवता?"

"पाठवतो."

"आन् हे जे मले आता सांगतलं, तेबी त्याच्यात लिहा."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी काही फोन ठेवणाऱ्यातली नाही, धरून बसले.

"लिहितो," तो म्हणाला.

पत्र तिसऱ्या दिवशी आलं. नवऱ्यानं ते अंगणात उभ्याउभ्या वाचलं आणि सासऱ्यांना मराठीत सांगितलं. हे लग्न मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, असं त्यात लिहिलं होतं, पण फोटो पाहून ते खरं आहे हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण माझं स्वतःचं लग्न याच पद्धतीनं झालं आहे. माझ्या पत्नीनं आणि माझ्या मुलीनं हे पत्र वाचल्यावर मगच ते पाठवत आहे. खाली सही होती. पूर्ण नावाची, आडनावासकट. सहा वर्षं त्या घरात राहून नवऱ्यानं ते आडनाव तेव्हा पहिल्यांदा वाचलं.