मुनीरच्या अब्बांचं क्लॅरिनेट

साठ. तीनदा तपासलं, तीनदा साठच आलं. मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करतो. माझा संशय खरा ठरत होता.

मी साउंड इंजिनिअर. दहिवलीत छोटा स्टुडिओ आहे. जुन्या कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणं हे माझं काम. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी खालापूरजवळ कर्णिकांच्या फार्महाउसवर आम्ही सात-आठ जॅझवेडे जमतो. प्रत्येकानं आपलं आवडतं रेकॉर्डिंग ऐकवायचं, वाजवणाऱ्याची करामत समजावून सांगायची, बाकीच्यांनी खोड्या काढायच्या.

मुनीर त्यात नवा. कर्जतला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एक दिवस तो कॅसेट घेऊन आला.

"अब्बांचं क्लॅरिनेट हाय. भिवपुरीला पॉवर हाउसात फोरमन होते ना, तिथं क्वार्टरमागं बसून वाजवायचे. रविवारी ऐकवीन म्हनतो. तेवढं साफ करून द्या."

कॅसेट लावली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. विलक्षण वेग. श्वास कुठे घेतला ते कळेना. अशी बोटं मी दोन-चार जणांचीच ऐकली होती आणि ते सगळे परदेशातले. आणि ड्युटी संपवून आलेला फोरमन हे वाजवतो? कुणीतरी विलायती रेकॉर्ड या कॅसेटवर उतरवली असणार. प्रश्न एवढाच, की मुनीरला हे माहीत होतं का?

आमच्या धंद्यात याला एक परीक्षा आहे. विजेची बारीक घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरते. तिला आम्ही हम म्हणतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, अमेरिकेतली साठ वेळा. सॉफ्टवेअरवर हमचा आकडा दिसतो. मुनीरच्या कॅसेटवर साठ होता.

मी कर्णिकांना फोन केला.

"नक्की?"

"आकडा खोटं बोलत नाही."

"मग त्याला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत नको."

मी चारचौघांतच सांगितलं. रविवारी मुनीर आईलाही घेऊन आला होता. पांढरी ओढणी घेतलेल्या चाची पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मी अर्धं मिनिट वाजवून थांबवलं आणि लॅपटॉपवरचा आकडा सगळ्यांना दाखवला. "हे रेकॉर्डिंग अमेरिकेतलं आहे."

मुनीर उभा राहिला. "मंजे मी चोर?"

"तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हनालात?"

मी पुन्हा आकड्याकडे बोट दाखवलं. चाचीच बोलल्या. "पुन्यांदा लावा."

लावलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. "वाजवतायत हेच. पन असं घाईघाईनं कधी वाजवत नव्हते. आवाज बी यांचा एवढा पातळ नाय."

"रेकॉर्ड कशावर केलं होतं, चाची?"

"आमच्या टेपवर. सेलवर चालायचा. सेल उतरले तरी हे बदलत नव्हते. मी मागं लागून कंटाळले."

सेल उतरले की टेप हळू फिरतो. तशात भरलेली कॅसेट नीट वेगानं लावली, की सगळं पळतं आणि आवाज चढतो. हमसुद्धा. टेप सेलवरचा असला, तरी क्वार्टरमागच्या पॉवर हाउसच्या ट्रान्सफॉर्मरांची घरघर त्यात शिरली असणार. त्यांचा पन्नास माझ्याकडे साठ होऊन आला होता. शिकाऊ पोराच्याही लक्षात यावं असं हे कारण. माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मला ते यायला नको होतं.

हम पन्नासावर येईपर्यंत मी वेग उतरवला आणि पुन्हा लावलं.

बोटांची जादू गेली. पण माणूस आला. पायानं धरलेला ठेका ऐकू येत होता आणि क्लॅरिनेट त्या ठेक्याच्या केसभर मागे, निवांत चालत होतं. एक ओळ त्यानं अर्ध्यावर सोडली, श्वास घेतला आणि उरलेली वाजवलीच नाही. ती आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात पुरी केली. जॅझमध्ये यापेक्षा अवघड काही नसतं. कुणी खोडी काढली नाही.

"हां," चाची म्हणाल्या. "आता आले."

मी सगळ्यांसमोर मुनीरची माफी मागितली. त्यानं मान हलवली, सुधारलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि विचारलं, "कॉपी तुमच्याकडं हाय?"

"आहे."

"काढा."

मी काढली. त्यानं वाकून रिसायकल बिन उघडायला लावला, तोही रिकामा करून घेतला. "आनि स्टुडिओत?"

"तिथंही आहे."

"मग चला."

चाचींना कर्णिकांकडे बसवून तो बाइकवर माझ्या गाडीमागे दहिवलीपर्यंत आला. शेवटची फाइल जाईपर्यंत पाठीशी उभा राहिला. मला राग आला नाही. संशय कसा घ्यायचा हे मीच त्याला सकाळी शिकवलं होतं.

आता कुठलीही जुनी टेप आली, की आधी विचारतो, हे वाजवणं प्रत्यक्ष ऐकलेलं कुणी घरात आहे का? आकडे नंतर. आणि माझं सर्वांत आवडतं रेकॉर्डिंग कोणतं, असं कुणी विचारलं, तर ते माझ्याकडे नाही.