कूलर बंद करून

माझ्या बायकोचा आवाज मोठा होता. 'होता' असं लिहिताना चुकल्यासारखं वाटतं, कारण ती समोरच्या ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडते आहे आणि तिची तब्येत ठीक आहे. पण आवाज मात्र होता. स्वयंपाकघरातून तिने "अजी, आयकता का?" म्हटलं की गेटजवळ उभा असलेला मी, शेजारचं बिऱ्हाड आणि समोरच्या घरचा कुत्रा असे सगळेच कान टवकारायचो.

तो शेतातला आवाज होता. वलगावच्या बाजूला आमचं थोडंसं वावर आहे. लग्न झालं तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होतो, आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. मी अभ्यास करावा म्हणून घरातलं आणि वावरातलं काम तिने आणि माझ्या आईने वाटून घेतलं होतं. निंदताना ती या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावरच्या बाईशी आरामात बोलायची. मी पुढे भातकुलीच्या शाळेत मास्तर झालो, अमरावतीत घर बांधलं, मुलं शिकली. या सगळ्यात माझ्या पदवीचं नाव होतं, तिच्या आवाजाचं कुठे नव्हतं. पण सकाळी घर त्याच आवाजाने उठायचं.

त्या आवाजाला मान मिळाला तो विहारात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. आधी वंदना, त्रिशरण, पंचशील, मग वाचन. वाचणारे म्हातारे गृहस्थ डोळ्यांनी थकले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी महिनाभर वाचलं. बायका भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या. एका संध्याकाळी मला ताप होता म्हणून ही बसली. सातवी शिकलेली, पण जोडाक्षराला न घाबरणारी. एक पान झालं की थांबायची आणि विचारायची, "समजलं का वं?" नसेल समजलं तर तेच आपल्या वऱ्हाडीत सांगायची. समोरच्या म्हणायच्या, "समजलं, पुढं वाच." माझा ताप दोन दिवसांत उतरला, पण आसन मला परत मिळालं नाही. त्यानंतर दरवर्षी तीच वाचत आली.

गेल्या वर्षी वर्षावास नुकताच लागला होता आणि आमची मुलगी अकोल्याहून आली होती. जेवताना ती आईच्या गळ्याकडे पाहत राहिली.

"आई, पाणी पी बरं परत."

"काहून? मी का म्हैस हाओ, तू म्हनशीन तवा पानी प्याले?"

"पी ना. बाबा, बघा, घोट घेतला की काहीतरी वर-खाली होते."

मीही पाहिलं. लिंबाएवढी गाठ होती. इतकी वर्षं समोरासमोर जेवून मला ती दिसली नव्हती.

अकोल्याला मुलीच्या ओळखीच्या डॉक्टरबाई होत्या. तपासण्या झाल्या. सुईच्या तपासणीत नक्की काही कळेना, तेव्हा गाठ काढून टाकणंच बरं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि पेनाने एक बारीक रेघ ओढली. ही आवाजाची नस, गाठीला अगदी लागून जाते. बहुतेकांना काही होत नाही. काहींचा आवाज काही महिने बसतो. एखाद्याचा कायमचा.

ही चित्राकडे बराच वेळ पाहत होती. मग तिने एकच गोष्ट विचारली, "पौर्णिमेनंतर केलं त चालन का?"

"कोणती पौर्णिमा?"

"आश्विन. ग्रंथ संपते तवा."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "तेवढं चालेल. त्याच्या फार पुढे नका नेऊ."

बडनेऱ्याकडे येणाऱ्या गाडीत मी मूर्तिजापूरपर्यंत तपासणीचे कागद चाळत बसलो. मग राहवलं नाही. म्हटलं, "गाठ आधी की ग्रंथ आधी?"

"ग्रंथ चालू झाला हाय. अर्धा टाकून झोपू का ऑपरेशनले? अन् आवाज गेला त मंग?"

"जाणार नाही."

"तुमी डॉक्टर हाओ का? तुमी त भूगोल शिकवला."

समोरच्या बाकावरचा माणूस हसला. मीही हसलो, आणि विषय तिथेच संपला.

ते तीन महिने तिने भरपूर वाचलं. नेहमीपेक्षा जास्त थांबायची, जास्त समजावून सांगायची. विहारात बायका डावीकडे बसतात आणि आम्ही पुरुष उजवीकडे, दाराजवळ. एरवी मी वंदना झाली की कधी दारातून बाहेर सटकायचो, कोणाशी बोलत उभा राहायचो. त्या वर्षी एक दिवसही उठलो नाही. आश्विन पौर्णिमेला खीर झाली. पांढऱ्या लुगड्यातल्या बायकांनी तिला घेरलं. तिने ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि त्यावर थोडा वेळ हात ठेवून उभी राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, आपण आईचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू. हिने नीट पदर घेतला, चष्मा पुसला, मोबाइलसमोर ताठ बसली आणि ग्रंथातलं एक पान वाचलं. एकही 'ण' चुकला नाही, एकही 'ळ' सुटला नाही. संपल्यावर म्हणाली, "झालं? आता चहा मांड."

चहाचं रेकॉर्ड झालं नाही. मुलीने आधीच बटण दाबलं होतं.

गाठ साधी निघाली. ते कळलं तेव्हा मी अकोल्याच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, आणि मला रडताना पाहून एका अनोळखी बाईने पाण्याची बाटली पुढे केली. त्या आनंदात आवाजाचं कोणाला सुचलंच नाही. शुद्धीवर आल्यावर हिने तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. आम्हाला वाटलं गुंगी असेल. आठवडा गेला, टाके निघाले, वारा तसाच. गळ्यातली एक बाजू हलत नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या की वर्षभर वाट पाहायची, कधी कधी येतो. तोवर व्यायाम.

व्यायाम म्हणजे भिंतीला हात रेटून 'आ' म्हणायचं, मग 'ई'. मुलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत ती रोज सकाळी हे करायची. शेजारच्या गॅलरीतून एक मुलगी म्हणाली, "काकू, गाणं शिकून राहिल्या का?" ही हसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हसण्यालाही आवाज उरला नाही. खांदे हलत होते.

हिवाळ्यात आम्ही अमरावतीला परत आलो. पुण्याहून मुलाचा फोन यायचा. आईशी बोलायचं असायचं त्याला. ही फोन कानाला लावून काहीतरी सांगत राहायची आणि तो तिकडून, "हॅलो, आई? आवाज येत नाही. रेंज नाही का तिथे?" त्याला माहीत होतं सगळं, तरी सवयीने तोंडून निघायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर ती फोन वाजला की माझ्याकडे सरकवू लागली. "त्याले इचारा, जेवला का." मी विचारायचो. तो म्हणायचा, जेवलो. मी तिला सांगायचो. त्याची आई आणि तो यांच्या मधला मी पोस्टमन झालो.

मला हाक मारण्यासाठी मुलीने एक छोटी पितळी घंटी आणून दिली. हिने ती माझ्याच हातात ठेवली. कानाशी येऊन म्हणाली, "मी का शाळा हाओ?" मग स्वतःच रीत काढली. स्टीलची वाटी ओट्यावर आपटायची. हळू वाजली तर चहा झाला, जोरात वाजली तर मी काहीतरी विसरलो. मी कुठेही असलो तरी "आलो" म्हणून उठतो. वाटी चांगली ऐकू येते, तक्रार नाही. पण वाटी सगळ्यांचीच सारखी वाजते.

एका दुपारी ती झोपलेली असताना मी ते रेकॉर्डिंग लावलं. इतक्या महिन्यांनी तो आवाज घरात आला. पूर्ण पान ऐकलं. शुद्ध, स्वच्छ, एका लयीत. ऐकून झाल्यावरही मी तसाच बसलो, कारण मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं. मला "आयकता का?" हवं होतं. "कुठी गेलते उन्हाचे?" हवं होतं. "चहा मांड" हवं होतं. ते कोणी जपून ठेवत नाही.

उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला त्याला कूलरचं सांगायला नको. होळी झाली की वाळ्याच्या नवीन ताट्या बसवायच्या, खिडकीत कूलर चढवायचा आणि पुढचे तीन महिने त्याच्या घरघरीत राहायचं. पूर्वी त्या घरघरीच्या वरून हिचा आवाज यायचा. या वर्षी तिचे ओठ हलताना दिसले की मी उठून बटण बंद करायचो. ती बोलायची, मी पुन्हा चालू करायचो. पाच मिनिटांनी पुन्हा.

"मरता का उकड्यानं? कायले बंद करता घडीघडी?"

"तू बोलते म्हणून."

"काही खास नोतं. भेंडी आनजा म्हनलं."

भेंडी तर भेंडी. कूलर बंद केल्यावर जी शांतता पसरायची त्यात तिचं ते पुटपुटणं, कोरड्या पानांसारखं, माझ्यापर्यंत यायचं. मग मी एखाद-दोन गोष्टी मुद्दाम विचारायचो, म्हणजे ती आणखी थोडं बोलेल.

मे महिन्यात नातीला सुट्टी लागली आणि मुलगी-जावई आम्हाला चिखलदऱ्याला घेऊन गेले. मी मास्तर असताना शाळेची सहल घेऊन तिथे गेलो होतो, तेव्हा हीदेखील बरोबर होती. पंचबोल नावाची जागा आहे. हाक मारली की दरी ती पुन्हा पुन्हा परत देते. त्या सहलीत मी पोरांना प्रतिध्वनीचं शास्त्र समजावत होतो आणि ही लांबून ओरडली होती, "अजी, पोट्टे मोजले का?" दरीने मला तोच प्रश्न कितीतरी वेळ विचारला. पोरं हसून लोळली होती.

या वेळी नात कठड्याला धरून ओरडली, "आजी!" आजी, आजी, आजी करत हाक परत आली. "आजी, आता तू."

हिने गळ्याला हात लावून मान हलवली. मग माझ्या कानाशी आली. "तुमी द्या हाक."

"काय म्हणू?"

"मले जे म्हन्ता थेच."

आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. मी आजूबाजूला पाहिलं. बरीच माणसं होती, कॉलेजची पोरं होती, फोटो चालले होते. छाती भरून घेतली आणि ओरडलो, "अवं!"

दरी म्हणाली, अवं, अवं, अवं. पोरं खदाखदा हसली, जावयाने तोंड फिरवलं. हिने तोंडावर पदर धरला आणि तिचे खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. तिची जुनी हाक त्या दरीत कुठे अडकून राहिली असेल असं मानण्याइतका मी भूगोल विसरलेलो नाही. तरी सगळे रबडी खायला पुढे गेल्यावर मी थोडा वेळ कठड्याशी थांबलो.

मग आषाढ आला. पौर्णिमेच्या आधी विहार समितीतले एक गृहस्थ घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"सर, यंदा ग्रंथ तुमीच घ्या. काकूची तब्येत..."

आत वाटी जोरात वाजली. आम्ही दोघंही दचकलो. ही बाहेर आली, काही बोलली. त्यांना कळलं नाही, ते माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हटलं, "ती म्हणते, पहिल्या दिवशी ती वाचणार. नाही जमलं तर आसन मास्तरला द्या."

"काकू, मंग मोठा माईक लावू."

पौर्णिमेच्या संध्याकाळी माईक लावला. वंदना झाली, ती आसनावर बसली, पांढरं कापड सोडलं, पहिली ओळ वाचली. भोंग्यातून नुसतं फू-फू आलं, मग कर्कश शिट्टी. तिने माईक हाताने बाजूला केला. पुन्हा पहिली ओळ वाचली. वरचे चारही पंखे गरगरत होते. तिचे ओठ हलत होते आणि कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी मान खाली घातली. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात बायकांमधून एका म्हातारीचा आवाज आला. "पंखे बंद करा वं. आयकू येत नाही."

कोणीतरी उठून बटणं दाबली. पंखे हळूहळू थांबले. मग बायका जागच्या जागी सरकत पुढे गेल्या, पहिली रांग आसनाला टेकली, मागच्या रांगा तिच्या पाठीशी. मी दाराजवळच होतो. शर्ट पाठीला चिकटला होता, बाहेर पाऊस नव्हता, आत वाराही नव्हता. पंखा लावा असं कोणी म्हटलं नाही.

माझ्यापर्यंत तिचा आवाज येत नव्हता. थोड्या वेळाने ती थांबली, चष्म्यावरून समोर पाहिलं, आणि भुवयांवरून मला कळलं की तिने काय विचारलं.

"समजलं," बायका म्हणाल्या. "पुढं वाच."

पंखे बंद होते, म्हणून पान उलटल्याचा आवाज दारापर्यंत आला.