काटेसाहेबांचा प्रामाणिक लॅपटॉप

आमच्या मजल्यावरच्या काटेसाहेबांचं ‘काटे’ हे आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, म्हणून बाजाराने त्यांना बहाल केलेली ती पदवी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती बातमी साहेबांपर्यंत अजून पोचलेली नाही. बटाटे घरात येतात ते ताणकाट्याला लटकून. साबणाची वडी वेष्टनावर छापल्यापेक्षा हलकी भरली, की त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जातात.

त्यांच्या पत्नी म्हणजे बाई. शाळेत गणित शिकवून त्याही निवृत्त झाल्या आणि दिवसभर साहेबांसमोर बसण्याची शिक्षा आपल्याला कशाबद्दल झाली असावी, यावर विचार करू लागल्या. अशात लांबच्या एका कुटुंबाने विचारलं, आमच्या दोन मुलींना लॅपटॉपवरून गणित शिकवाल का? सोमवारी एक तास घेऊन बघा, मुलींना पटलं तर पुढे. बाई त्या दिवशी गुणगुणत भांडी लावत होत्या.

"अहो, साधासा लॅपटॉप पुरे," त्या म्हणाल्या. "मुलींना मी दिसले पाहिजे, मला मुली दिसल्या पाहिजेत आणि पडद्यावर गणित मांडता आलं पाहिजे. बस्स. मीच घेऊन येते."

"तू एकटी? अगं, सोलून काढतील तुला!"

बाईंचं तिथेच चुकलं. त्या "बरं, चला" म्हणाल्या.

पहिल्या दुकानातला विक्रेता टाय लावून होता. रॅम, प्रोसेसर, बॅटरी असं बरंच काही तो एका दमात म्हणाला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वजन?"

"एक किलो चारशे, सर. एकदम हलका!"

साहेबांनी पिशवीतून ताणकाटा काढला. लॅपटॉप कापडी झोळीत ठेवला, झोळी आकड्याला अडकवली आणि डोळे काट्याच्या रेषेत आणण्यासाठी गुडघे वाकवले. झोळीचं वजन अर्थातच वजा केलं. पिशवीसकट तोलायला ते खाटीक नव्हेत.

"एक किलो चारशे नव्वद!" दुकानभर आवाज गेला. "नव्वद ग्रॅम कुठून आले?"

"सर, छापलेलं वजन साधारण असतं..."

"साधारण! उद्या सोनाराने साधारण तोळा दिला तर घ्याल?"

विक्रेत्याने टाय सैल केला. बाई पंख्यांच्या विभागात जाऊन पंखे बघू लागल्या.

दुसऱ्या दुकानात वजन चार्जर धरून की चार्जर वगळून, या वादात मालकाला बाहेर यावं लागलं. तिसऱ्या दुकानात मालक आधीच बाहेर उभा होता. बाजारात बातमी फुटली होती. त्याने निमूटपणे कोपऱ्यातला एक स्वस्तातला लॅपटॉप पुढे केला. काटा वरखाली हलला आणि छापलेल्या आकड्यावर असा थांबला, की साहेबांना गहिवरून आलं.

"घ्या हाच!" ते म्हणाले. "अशी कंपनी आता राहिली नाही."

"अहो, पण चालू करून तरी बघू."

"जो वजनात खोटं बोलत नाही, तो कशातच बोलत नाही."

रविवारी संध्याकाळी बाईंनी यंत्र उघडलं. पडदा झकास होता, बटणं मऊ होती. फक्त पडद्याच्या वर जिथे कॅमेऱ्याचा डोळा असतो, तिथे गुळगुळीत प्लास्टिक होतं. किंमत खाली ठेवण्यासाठी कंपनीने कॅमेराच बसवला नव्हता.

"म्हणजे मी मुलींना दिसणारच नाही," बाई हळूच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

"खोक्यावर कॅमेरा आहे असं कुठे लिहिलंय? त्यांनी फसवलं नाही आपल्याला," साहेबांनी कंपनीची बाजू मांडली. बाईंनी वर बघितलं. साहेब चपला शोधू लागले.

तिसऱ्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. मालकाने वरून चिमट्याने लावायचा छोटासा कॅमेरा दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. परतताना साहेब एवढंच पुटपुटले, "हा लावला की वजन बदलणार."

"बदलू दे," बाई म्हणाल्या.

सोमवारी दोन्ही मुली पडद्यावर उगवल्या. एकीने वेणीचं टोक तोंडात धरलं होतं, दुसरी जांभई देत होती. मुलींचे बाबा मागून डोकावत होते. बाईंनी गणित घातलं.

"एका दुकानदाराने बारा किलो तांदूळ तीन सारख्या पिशव्यांत भरला..."

"काट्याला सरकारी सील होतं का?" मागून बनियनमधले साहेब कॅमेऱ्यात शिरले.

जांभई अर्ध्यावर थांबली. वेणी तोंडातून सुटली. "हे कोण?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "हे आमच्याकडचे निरीक्षक. आता सांगा, काटा खोटा असेल आणि किलोमागे शंभर ग्रॅम मारत असेल, तर प्रत्येक पिशवीत खरा तांदूळ किती?"

"चोर आहे तो!" वेणीवाली ओरडली आणि वही ओढून गणित करायला लागली. दुसरी तिच्या वहीत डोकावायला लागली.

मुलींच्या बाबांनी तास संपल्यावर फोन केला. उद्यापासून रोज याच वेळेला चालेल का, असं विचारलं, आणि जरा चाचरत पुढे म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण साहेबांना शर्ट घालायला सांगाल का?"