एका ओळीत आलेला प्रोग्राम

ढवळे सरांची आणि माझी पहिली भेट मंठ्याच्या आपल्या कॉलेजात, संगणकाच्या प्रयोगशाळेत झाली. मी हंगामी सहायक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सरांनी एक जर्नल हातात दिलं. "मॅडम, कंसातली ओळ दोन बोटं आत पाहिजे. बराबर बघा." प्रोग्राम वाचणाऱ्याला कळला पाहिजे म्हणून हा दंडक; ते खरोखर बोटं ठेवून तपासत. मला ते जरा अतीच वाटायचं.

कुंभार पिंपळगावच्या मुलींची बस चुकली तरी पाठ चुकू नये, म्हणून सरांनी प्रॅक्टिकलचे प्रोग्राम वेबपानावर ठेवायचं ठरवलं. ते काम माझ्याकडे आलं. मी प्रोग्राम जसेच्या तसे पानात चिकटवले. पण ब्राउझर दहा मोकळ्या जागांची एकच करतो, नव्या ओळीलाही जुमानत नाही. ओळी आणि जागा जशाच्या तशा दिसाव्यात म्हणून पानात घालायची खूण, 'प्री' टॅग, मी घातलाच नाही. पान उघडूनही पाहिलं नाही. आळस, दुसरं काय!

मुलांनी दिसला तसा, निबंधासारखा सलग प्रोग्राम जर्नलात उतरवला. "सरांच्या पानात चूक कशी राहील?" म्हणून विचारलंही कोणी नाही. परीक्षेच्या सकाळी बाहेरून आलेले परीक्षक भडकले. "पहिल्या टिपेपुढचं सगळं टीपच झालं की! टीप तर संगणक वाचतच नाही, मग हा प्रोग्राम चालणार कसा?" त्यांनी मुलांना बसू द्यायला नकार दिला.

प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. माझ्या मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता. "पान कोणी चढवलं?"

"मी चढवलं, साहेब," सर म्हणाले. "पोरांनी बराबर उतरवलं, पानच चुकलं. दोन तास द्या."

दोन तास सर मुलांमध्ये बसून जर्नलं पुन्हा लिहून घेत होते. मला एवढंच म्हणाले, "मंग आता टॅग घाला, अन् उघडून बघा. घाबरू नका, तुमची नोकरी कुठं जात न्हाई." मुलं परीक्षेला बसली. माझ्या कागदावर सही झाली.

तेव्हापासून 'ढवळे सरांचं एका ओळीतलं पान' ही आपल्या सगळ्यांची हक्काची थट्टा झाली. सरांच्या निरोपसमारंभातही ती झाली, आणि सर सगळ्यांबरोबर हसले. मी गप्प राहिले, त्याची मला लाज वाटते.

आज सर साठ वर्षांचे झाले. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, हे माझं मनापासूनचं मागणं. आणि मंडळी, ते पान मी केलं होतं. यापुढे हसायचं ते मला हसा.